करवतीचे दात

फोटो तयार झाला की काका उजव्या अंगठ्याचं नख स्क्रीनवर टेकवायचे, बरोबर साडीच्या काठाखाली, आणि विचारायचे, "दात दिसते काय?"

समोर कोण आहे हे पाहायचेच नाहीत. दुकानाचे मालक असोत, चहावाला असो, विजेचं मीटर पाहायला आलेला माणूस असो. एकदा कुरिअरवाल्याने आपली सगळी बत्तिशी काढून दाखवली. ते गंभीरपणे म्हणाले, "तुझे नाही गा. करवतीचे." मग त्याला खुर्ची देऊन करवती काठ म्हणजे काय ते समजावत बसले. खाली त्याची गाडी चालूच होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागातल्या टसर रेशमाच्या साडीला सुती काठ असतो. काठ आणि साडीचं अंग जिथे भेटतात तिथे करवतीच्या दातांसारखी नक्षी येते. हातमागावर आडव्या धाग्याचे तीन धोटे चालवून ती काढावी लागते. दात सारखे आणि टोकदार असले की काम हातचं. यंत्रावरच्या नकली साडीत ते बोथट येतात, नाहीतर छापलेले असतात. त्यामुळे जाणकार बाई साडी हातात घेतली की आधी रंग पाहत नाही, दात पाहते. आणि वेबसाईटवर साडी हातात येत नाही. तिथे फक्त फोटो असतो.

म्हणून ते विचारायचे.

आमचं दुकान नागपुरात सक्करदऱ्याला आहे. खाली विक्री आणि वर एक लांबट खोली. वरच्या खोलीत मी साड्यांना इस्त्री करते, घड्या घालते, फोटोच्या पुतळ्याला साडी नेसवते. खिडकीजवळ त्यांचं टेबल होतं. मी लागले तेव्हा ते तिथे आधीपासूनच होते. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागले. म्हणजे मनात म्हणू लागले. पहिलं दीड वर्ष मी त्यांच्याशी बोलल्याचं मला आठवत नाही.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. प्रत्येक कामाच्या जागी एक तरी असतो. आपल्या कामात सगळ्यांना रस आहे, असं त्याला मनापासून वाटत असतं. आपण ऐकत नसलो तरी तो सांगत राहतो, आणि काही वर्षांनी आपल्याला कळतं की आपल्याला ते सगळं पाठ झालं आहे.

काका पूर्वी एका फोटो स्टुडिओत होते. कॉम्प्युटर यायच्या आधी. लग्नाच्या फोटोतल्या नवरीच्या गालावरची पुटकुळी बारीक ब्रशने काढायची, निगेटिव्हवर नखाने हलकेच खरवडायचं, अशी ती कामं. अंगठ्याचं नख वाढवायची सवय तेव्हाची. ते म्हणायचे, "कितीक नवरदेवाईचे मिटलेले डोळे म्या उघडून देल्ले." उघडे डोळे त्याच माणसाच्या दुसऱ्या फोटोतून आणायचे. एका नवरदेवाचा दुसरा फोटोच नव्हता, तेव्हा त्याच्या भावाचे डोळे बसवले. घरच्यांना ते आयुष्यभर कळलं नाही, असं सांगून ते स्वतःच हसायचे.

फोटो लहान करण्याचं काम त्यांच्याइतकं मन लावून करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तसं ते कुणाला काम वाटतच नाही. कॅमेऱ्यातून निघालेला फोटो फार मोठा असतो, तो तसाच साईटवर चढवला तर गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर गोल चक्र फिरत बसतं. काका म्हणायचे, "हे अख्खं पोतं आहे. कोणाच्या दारात नेऊन पोतं ओतते काय कोणी? वाटीभर द्याचं." मग ते फोटोची वाटी करायचे. पण लहान केला की फोटो मऊ पडतो. दात गळतात, म्हणायचे ते. मग शेवटी त्याला थोडी धार द्यायची. पडद्यावर एक पट्टी असते, ती सरकवली की फोटोतल्या रेघा उठून दिसू लागतात.

"धार शेवटी," हे त्यांचं दुसरं वाक्य. "आन् मिठावानी. खारट झालं तं काढता येत नाही."

तिसरा एक नियम होता, तो ते बोलायचे कमी आणि पाळायचे जास्त. कॅमेऱ्यातला मूळ फोटो वेगळा ठेवायचा. त्याची नक्कल करून तिच्यावर काम करायचं. मोठ्याचा लहान करता येतो, पण लहान झालेल्याला पुन्हा मोठं करता येत नाही. मालकांनी एकदा जागा भरली म्हणून जुने मूळ फोटो पुसायला सांगितले, तर काका दोन दिवस जेवणाचा डबा न उघडता घरी घेऊन गेले. मालकांनी मग फोटो साठवायची नवी डबी आणून जोडली. मालक वयाने माझ्याहून लहान आहेत, पण सगळे त्यांना दादा म्हणतात. वाईट माणूस नाही.

काकांच्या डब्यात रोज भिवापुरी मिरचीचा ठेचा असायचा. ते नखाच्या टोकावर घेऊन सगळ्यांना द्यायचे. मला द्यायचे तेव्हा कागदावर ठेवायचे, हातात देत नसत. मी लाजते हे त्यांनी पाहिलं होतं.

मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले ते एका साडीवरून. बारीक चौकडीची साडी होती. मी इस्त्री करून तीच हँगरला लावत होते आणि त्यांच्या स्क्रीनवर तिचा लहान केलेला फोटो होता. त्या फोटोत साडीच्या अंगावर लाटा दिसत होत्या, पाण्यावर असतात तशा. साडीत तसं काही नव्हतं.

"असं नाही हे," मी म्हणाले. स्वतःशीच म्हणाले होते.

काकांनी खुर्ची वळवली. "काय नाही?"

मी साडी दाखवली आणि बोटाने स्क्रीन दाखवली. ते पाहत राहिले. मग म्हणाले, "मशीन खोटं बोलून राहिली. तिले एवढे धागे मावत नाही, तं मनानं काढते." त्यांनी तो फोटो पुन्हा मुळापासून घेतला, आधी जरासा मऊ केला आणि दोन-तीन टप्प्यांत लहान केला. लाटा गेल्या. मग त्यांनी विचारलं, "तू कोणाची वं बाई?"

मी सांगितलं की माझे बाबा उमरेडला विणकर आहेत. चौथीनंतर शाळा सुटली ती धाग्याच्या कांड्या भरायला. एक भाऊ मागावर, मी चरख्यावर. दात कसे पडतात ते मला माहीत आहे.

"मंग इतके दिवस काहून नाही बोलली?"

मी हँगरवरची साडी सारखी करू लागले. ते म्हणाले, "बरं. आता बोलत जाजो."

त्या दिवसापासून ते दातांचं फक्त मला विचारू लागले. कुरिअरवाला सुटला.

फोटो साईटवर गेला की ते माझा मोबाईल मागायचे. माझ्या मोबाईलची काच कोपऱ्यातून तडकलेली होती आणि उजेड कमी. "हिच्या मोबाईलवर दिसले तं साऱ्या दुनियेत दिसते," ते दादांना सांगायचे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. दुकानात माझी एक वस्तू कामाची होती.

नेमकं केव्हा सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. एका सकाळी चहा पिऊन त्यांनी कप ठेवला तो टेबलाच्या बाजूला, हवेत. माझा हात जवळ होता म्हणून मी तो धरला. ते म्हणाले, "टेबल कोणं सरकवलं?" टेबल कुणी सरकवलं नव्हतं. ते चष्मा पुसायचे, मग स्क्रीन पुसायचे, मग पुन्हा चष्मा. माझ्याकडे पाहताना ते माझ्या खांद्याकडे पाहू लागले. मला वाटलं, मी लाजते म्हणून.

फोटोंमध्ये दातांच्या कडेने एक बारीक पांढरी रेघ येऊ लागली. आधी केसाएवढी, मग ठळक. मला ती रोज दिसत होती. ते विचारायचे, "दात दिसते काय?" आणि मी "दिसतात" म्हणायचे. ते खरंच होतं. दात दिसत होते. त्यांनी दुसरं काही विचारलं नव्हतं.

मग बंगळूरहून एक साडी परत आली. सोबत चिठ्ठी होती. फोटोत काठाला चांदीची जरी आहे, पाठवलेल्या साडीला नाही, असं त्या बाईंनी लिहिलं होतं. दादा हसले. आठवड्याभराने दुसरी परत आली, तीही जरीसाठीच. मग तिसरी. दादांनी साईटवर "काठाला जरी नाही" अशी ओळ लिहायला लावली आणि म्हणाले, "लोक बी ना, काका. जे नाही ते दिसते त्याइले."

काकांनी चष्मा काढून पुसला. दुपारी दादा खाली गेल्यावर मी इस्त्री बंद केली आणि त्यांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिले.

"काका, खारट झालं," मी म्हणाले.

त्यांनी हात माऊसवरून काढला. मग त्यांनी सांगितलं. साखरेमुळे डोळ्याच्या मागच्या पडद्याला झालं होतं. इंजेक्शन देणं चालू होतं. उजव्याला आधी झालं, आता डाव्यालाही. "मधात राख सांडल्यावानी आहे. काठ दिसते, पदर दिसते. ज्याच्याकडे पाहतो तेवढंच दिसत नाही." फोटो त्यांना मऊ दिसायचा, म्हणून ते पट्टी आणखी सरकवायचे. दात गळाले असं त्यांना वाटायचं.

"दादाले सांगजो नको," ते म्हणाले. "घरी बसून भिंतीकडे पाहू काय? भिंतीच्या मधात बी राखच आहे."

मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. दुसरं काही ठरलं नाही. त्यांनी एक फोटो उघडला आणि पट्टी सावकाश सरकवू लागले. दात जसे मागावर पडतात तसे दिसले तेव्हा मी म्हणाले, "पुरे." त्यांनी हात थांबवला.

पुढे आठ-नऊ महिने आम्ही असंच काम केलं. त्यांच्या हाताला सगळं पाठ होतं. जी चार बटणं जास्त लागायची त्यांच्यावर मी लाल सुताच्या गाठी डिंकाने चिकटवल्या, म्हणजे बोटाला लागतील. दादांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "नजर लागू नाही म्हणून." दादा पुन्हा हसले. पुतळ्याला साडी मी नेसवायची, रंग खिडकीत धरून मी सांगायचा, फोटो ते काढायचे, लहान ते करायचे आणि शेवटी धार देताना मी "पुरे" म्हणायचं. दिवसातून तीस-चाळीस वेळा. आयुष्यात मी कुणाला एवढ्या वेळा काही सांगितलं नसेल.

ते मधूनच मला पारखायचे. मुद्दाम पट्टी पुढे न्यायचे आणि मी किती लवकर थांबवते ते पाहायचे. मी उशीर केला तर म्हणायचे, "जेवणावर ध्यान आहे तुयं." एकदा मी शिंकले, ते थांबले. "हे पुरे होतं काय?" त्यांनी विचारलं. मी हसले, आणि माझं हसू ऐकून तेच दचकले.

साड्या परत येणं थांबलं. दादा म्हणाले, "काका, मस्त येऊन राहिले फोटो." काकांनी मान डोलावली आणि टेबलाखाली माझ्या स्टुलाला पायाने हलकेच टोकलं.

मग बाबा गेले. भावाचा फोन आला तेव्हा मी एका साडीची घडी घालत होते. मी ती पूर्ण केली, काकांना सांगितलं आणि उमरेडला गेले. तेरावं होईपर्यंत तिथे राहिले. रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, येईल नंतर. ते अजून आलेलं नाही.

चौदाव्या दिवशी भावाने बाबांच्या मागावरचं कापड उतरवलं. दीड हात विणलेलं होतं. सुरुवातीची वीतभर दात टोकदार होते. मग ते वाकडे व्हायला लागले, आणि शेवटी दात नव्हतेच, नुसती वळणं होती. भावाने कोपऱ्यातली लोखंडी पेटी उघडून दाखवली. आत सात साड्या होत्या, सगळ्या तशाच. बाबांना दोन-तीन वर्षं नीट दिसत नव्हतं. व्यापारी घेत नव्हता, म्हणून भाऊ त्या पेटीत ठेवत गेला आणि बाबांना विकल्या म्हणून सांगत गेला. आई "चांगली झाली" म्हणायची. मी गेले की मीही काठावरून हात फिरवून "चांगली झाली" म्हणायचे. बाबा विचारायचे, दात कसे आले? मी म्हणायचे, पहिल्यासारखे.

भाऊ म्हणाला, दीड हाताचं कोणी काय करेल, जाळून टाकू. मी ते कापड पिशवीत घेतलं.

नागपूरला परत आले त्या दिवशी पायऱ्यांवरच कळलं की वर काहीतरी चालू आहे. मी नसताना नवा माल आला होता. बावीस साड्या, प्रत्येक नमुन्याची एकच. दादांनी काकांना विचारलं होतं, ताई येईपर्यंत थांबायचं का, पुतळ्याला कोण नेसवेल? काका म्हणाले, होऊन जाईल. खालच्या दुकानातल्या बाईंकडून त्यांनी साड्या नेसवून घेतल्या आणि फोटो एकट्याने केले.

दादा टेबलाजवळ उभे होते. काका खुर्चीत होते. स्क्रीनवर फोटो होता आणि त्यातले दात पांढरेशुभ्र, जाड, जळजळीत दिसत होते. साडीचं अंग वाळूसारखं झालं होतं. पाच साड्या गेल्या होत्या आणि पाचही घेणाऱ्यांचे फोन आले होते. दादांनी फोटो पुन्हा करावे म्हणून मूळ फोटोंची जागा उघडली, तर तिथेही हेच. काकांनी नक्कल न करताच मुळावर काम केलं होतं. बावीसच्या बावीस.

"मुळाले हात नाही लावला म्या," काका म्हणत होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं.

"मंग हे काय होय, काका?"

"मशीननं केलं असन."

दादांनी मागे वळून मला पाहिलं. मी दारातच उभी होते, पिशवी खांद्यावर. त्यांनी त्या फोटोतली साडी माझ्या हातात दिली. "ताई, तुम्ही मागावाल्याच्या घरच्या. तुम्हीच सांगा, ही चांदी आली कुठून?"

काका माझ्या आवाजाच्या दिशेने वळले. आवाज अजून निघाला नव्हता, तरी वळले. त्यांनी नख उचलून स्क्रीनवर ठेवलं. काठाच्या बोटभर खाली.

"सांग वं बाई," ते म्हणाले. "दात दिसते काय?"

मला "दिसतात" म्हणता आलं असतं. तेही खरंच होतं. दादा थोडं चिडले असते, उरलेल्या साड्यांचे फोटो पुन्हा काढले असते आणि दुसऱ्या दिवसापासून मी स्टुलावर बसले असते. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं.

"काकाले दिसत नाही," मी म्हणाले. "लय दिवस झाले, दादा."

मी हळू बोलते असं सगळे म्हणतात. त्या दिवशी खालच्या दुकानात ऐकू गेलं, असं नंतर तिथल्या बाईंनी सांगितलं.

काकांचं नख स्क्रीनवर तसंच राहिलं. मग त्यांनी ते काढलं, खिशातून रुमाल काढून नख टेकलं होतं ती जागा पुसली. "पुरे," ते म्हणाले. उठले. खुर्ची आत सरकवली. डब्याची पिशवी त्यांना पहिल्या खेपेला सापडली नाही, दुसऱ्या खेपेला सापडली. भिंतीला हात लावत ते पायऱ्या उतरले. मी मोजत होते. सतरा पायऱ्या आहेत. मी त्यांच्यामागे गेले नाही.

दादांनी त्यांना काढलं नाही, हे सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः घरी गेले, नुसतं येऊन बसा म्हणाले, खालच्या बाईंना शिकवा म्हणाले. काका हो म्हणाले आणि आले नाहीत. महिन्याभरात मुलगी त्यांना कळमेश्वरला घेऊन गेली.

आता त्या खुर्चीवर मी बसते. बटणांवर इंग्रजीत काय लिहिलं आहे ते मला वाचता येत नाही, पण कोणतं केव्हा ते माहीत आहे. मूळ वेगळं ठेवते. टप्प्याटप्प्याने लहान करते. धार शेवटी. लाल गाठींपैकी एक गळून पडली, बाकीच्या तीन आहेत. दादा म्हणतात, फोटो काकांच्या वेळेसारखेच येतात. मी मान डोलावते.

हिवाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी मी कळमेश्वरला गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बसमध्ये ठरेल असं वाटलं होतं, ठरलं नाही. मुलीचं घर औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला आहे. काका ओसरीत खुर्चीवर बसले होते, उन्हात पाय सोडून. रस्त्याने ट्रक जात होते. मुलगी मला बसवून चहा ठेवायला आत गेली.

मी समोरच्या पाटावर बसले. काही बोलले नाही.

"कोण आलं?" ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "बोलत नाही म्हणजे तूच असशीन."

मी हो म्हणाले.

"फोटो कोण करते?"

"मी."

"आन् तुले पुरे कोण म्हणते?"

"कोणी नाही."

"मंग खारट करशीन एखांद्या दिवशी," ते म्हणाले. ते हसत होते की नाही ते मला कळलं नाही, कारण ते रस्त्याकडे पाहत होते, आणि रस्त्याकडे पाहत होते म्हणजे डोळ्यांच्या कडेने मला बघत होते.

त्या दिवसाबद्दल ते बोलले नाहीत. मला बोलायचं होतं. मी पिशवीतून बाबांचं दीड हात कापड काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. का नेलं होतं ते मला माहीत नाही. तेव्हापासून ते पिशवीतच होतं.

त्यांनी हात फिरवला. "हातचं आहे. कोणाचं काम?"

"बाबांचं. शेवटचं."

त्यांनी कापड गुडघ्यावर पसरलं, काठ शोधला आणि अंगठ्याचं नख दातांवर टेकवलं. सुरुवातीपासून नेऊ लागले, एकेक दात मोजल्यासारखं. नख प्रत्येक दाताला जरासं अडत होतं. वीतभर गेल्यावर ते थांबलं. त्यांनी तोच दात पुन्हा चाचपला, मग पुढचा, मग मागे येऊन पुन्हा तोच.

"इथून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सांगितलं होतं काय त्याइले कोणी?"

"नाही."

आतून चहाचा वास येत होता. नख तिथेच होतं. मग त्यांनी ते पुढे नेलं, वाकड्या दातांवरून, एकेकावर थांबत, नंतर नुसत्या वळणांवरून, जिथे कापड कापलं होतं आणि धागे लोंबत होते तिथपर्यंत.